टोकियोची गल्ली अशी वेडीवाकडी का?

निशिकासाई स्टेशनबाहेर पडलं की रस्ते रुंद, सरळ, काटकोनात मिळणारे. टोकियोत नव्याने येणारी बरीच भारतीय मंडळी, त्यात मराठीही आलीच, याच भागात घर शोधतात आणि अख्खं शहर असंच शिस्तीत आखलेलं असेल असं धरून चालतात. मग एखाद्या रविवारी पश्चिमेकडच्या सुगिनामी किंवा सेतागाया वॉर्डाच्या आतल्या भागात जाणं होतं. तिथे गल्ली अडीच मीटरवर येते, तीन घरं पुढे जाऊन एकदम रुंद होते, पुन्हा आखडते, आणि विजेचा खांब रस्त्याच्या अंगावर आल्यासारखा उभा असतो. कसबा पेठच म्हणा ना. जपानी शिस्त कुठे गेली, असा प्रश्न पडतो. कायदा दोन्हीकडे एकच आहे. फरक क्रमाचा: एका ठिकाणी आधी जमिनीची फेरवाटणी झाली आणि मग घरं आली, दुसरीकडे घरं आधी आली.

फेरवाटणीला इथे ‘कुकाकु-सेइरी’ म्हणतात. आपल्याकडच्या टीपी स्कीमची, म्हणजे नगररचना योजनेची, ही चुलत बहीण. मूळ शेतजमिनीच्या फेरआखणीचं. त्यासाठीचा कायदा १८९९ चा, आणि शहरांसाठीचा आजचा कायदा १९५४ चा. किमान सात जमीनमालक संघ काढू शकतात. संख्येने आणि क्षेत्रफळाने अशी दोन्ही बाजूंनी दोन-तृतीयांश संमती मिळाली, की उरलेल्यांनाही त्यात यावंच लागतं. सगळ्यांची वेडीवाकडी शेतं कागदावर एकत्र करायची, रस्ते-बागा काढायच्या आणि प्रत्येकाला जुन्या जागेच्या जवळपास लहान पण चौकोनी प्लॉट परत द्यायचा. या घटीला ‘गेम्बु’ म्हणतात.

समजा, जमीन १००० चौ. मी. आणि घट ३० टक्के. त्यातले २० टक्के रस्ते-बागांना, १० टक्के ‘होर्यूची’, म्हणजे खर्च भागवण्यासाठी विकायची राखीव जमीन. हातात ७०० चौ. मी. राहतात. मालकाचं नुकसान टाळायचं तर दर निदान १.४३ पट झाला पाहिजे. दर चढत होते तोवर हे गणित सहज जमलं. १९९० नंतर जमिनीचे भाव कोसळले, राखीव प्लॉट पडून राहिले, आणि काही संघांना सभासदांकडून पैसे गोळा करावे लागले किंवा दुसऱ्यांदा घट लावावी लागली. योजना फसते ती बहुधा अशी. आखणी चुकून क्वचितच.

निशिकासाईच्या दक्षिणेची कासाई किनाऱ्याची योजना १९७२ पासूनची. भूजल उपसून जमीन खचली होती, लोकांच्या मालकीचे तुकडे समुद्रात गेले होते. भराव टाकून तेही फेरवाटणीत घेतले. पाण्याखालच्या सातबाऱ्याला पुन्हा कोरडा प्लॉट मिळाला, असं समजा!

मग सुगिनामीच्या त्या आतल्या भागात हे का झालं नाही? १९२३ च्या भूकंपात जळालेल्या मध्यवर्ती भागात फेरवाटणी झाली. लोक मात्र रेल्वे पकडून पश्चिमेला सरकले आणि शेताच्या पायवाटांच्या कडेनेच घरं बांधून मोकळे झाले. महायुद्धानंतर सुमारे २० हजार हेक्टरची योजना कागदावर होती. पैशांअभावी तिचा दहावा हिस्साही पुरा झाला नाही. यामानोते लाइन या वर्तुळाकार रेल्वेमार्गाच्या बाहेरचा दाट लाकडी घरांचा पट्टा हा त्याचाच अवशेष.

या पट्ट्याला वळण लावायचं काम १९५० चा बांधकाम कायदा करतो, एकेका घराने. नियम दोनच: प्लॉटला ४ मीटर रुंद रस्ता हवा, आणि प्लॉट त्या रस्त्याला किमान २ मीटर भिडलेला हवा. कायद्याआधीपासून घरं असलेली अरुंद गल्ली ‘निको-दोरो’ म्हणून मान्य होते, पण अटीवर. घर पाडून नवं बांधताना गल्लीच्या मध्यरेषेपासून २ मीटर मागे सरायचं. समोर नदी, कडा किंवा रेल्वे असेल तर समोरच्या कडेपासून सगळे ४ मीटर आपल्याच बाजूला मोजायचे.

गल्ली २.७ मीटर, प्लॉट ९० चौ. मी., दर्शनी बाजू ८ मीटर असं धरू. मध्यरेषेपासून आपली हद्द १.३५ मीटरवर, म्हणजे ६५ सेंटीमीटर मागे जायचं, ५.२ चौ. मी. गेले. नकाशावर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) २ लिहिलेला असला तरी निवासी भागात ४ मीटर रस्त्याला ४ गुणिले ०.४, म्हणजे १.६ च मिळतो. ८४.८ चौ. मी. वर साधारण १३५ चौ. मी. बांधकाम. जाहिरातीतला आकडा बघून १८० धरणारे इथेच फसतात.

जो घर पाडतो तो मागे सरतो, जो पाडत नाही तो तिथेच राहतो. म्हणून गल्लीला दातरे पडतात आणि जुन्या कडेचा खांब नव्या रुंदीत एकटा उभा राहतो.

आता मोठ्या प्लॉटचं. वारसा कर कमाल ५५ टक्के, दहा महिन्यांत भरायचा, तोही मुळात रोख. आजोबांची बाग विकली जाते. टोकियो परिसरात ५०० चौ. मी.पासून पुढे विकास-परवानगी लागते, म्हणून बिल्डर ४८० चौ. मी. घेतो, मध्ये ४ मीटरची बंद गल्ली काढतो आणि पाच घरं बसवतो. अशी गल्ली ३५ मीटरपेक्षा लांब झाली तर गाडी वळवायला जागा सोडावी लागते, म्हणून ती ३४ मीटरवरच संपलेली दिसते. सेतागायासारख्या वॉर्डांनी हे तुकडे आवरायला प्लॉटचा किमान आकार ठरवला आहे.

मागच्या घराला मग उरतो झेंड्याच्या काठीसारखा बोळ. काठी सगळ्यात अरुंद ठिकाणीही २ मीटर लागते, १.९५ निघाली तर घर ‘साइकेन्चिकु-फुका’, म्हणजे पाडलं तर पुन्हा बांधता येत नाही. जाहिरातीत ही घरं शेजारच्यांपेक्षा बरीच स्वस्त असतात आणि बँका त्यांना कर्ज द्यायला नाखूश. स्वस्त घर दिसलं की आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन समोरचा रस्ता कायद्याच्या कुठल्या प्रकारात मोडतो ते विचारावं, हद्दीवरच्या लाल बाणाच्या पट्ट्या शोधाव्यात आणि मग टेप लावावा. मधली सिमेंट-ब्लॉकची भिंत कुणाच्या हद्दीत येते तेही बघावं, कारण ती साधारण दहा सेंटीमीटर जाड असते आणि शेजाऱ्याची निघाली तर त्या पाच-दहा सेंटीमीटरसाठी शेजाऱ्याच्या दारात जावं लागतं.