आरसा दुसरा: पडलेली किनार आणि दिवाळी अंकांचे दिवस

माझ्या दुर्बिणीच्या आरशाची पडलेली किनार वर यायला लागली! काल रात्री फूको टेस्ट (दिवा आणि पात्याच्या धारेने आरशाचा आकार तपासायची चाचणी) लावली, तर काठालगतची जी उजळ कोर आधी पाचेक मिलिमीटर रुंद दिसायची, ती दीड-दोनवर आली आहे. नाइफ-एज, म्हणजे ती पात्याची धार, अजून थोडी आत घेतली, तेव्हा काठाची ती बारीक उजळ रेघ उजवीकडेही दिसली आणि डावीकडेही, डावीकडे जरा तुटक. दोन्ही बाजूंना रेघ दिसणं म्हणजे किनार सुधारत असल्याची खूण. दिवा बंद करावासाच वाटेना.

काच तीच, १५० मिमी, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट), साधी, २५ मिमी जाड. मागच्या नोंदीत ६०० नंबरच्या घासायच्या भुकटीचे खड्डे निघून पॉलिश चढलं होतं आणि टर्न्ड एजने, म्हणजे काठाशी खाली झुकलेल्या किनारीने, डोकं वर काढलं होतं. त्यावर तुम्ही सुचवलेले उपाय, म्हणजे स्ट्रोक (घासताना हात पुढेमागे नेणं) व्यासाच्या एक तृतीयांशावर आणणं, हाताचा भार कमी करणं, लॅपचा, म्हणजे पिचचा (डांबरासारख्या चिकट पदार्थाचा) थर दिलेल्या घासायच्या तबकडीचा, काठ छाटणं, सगळे केले. किनार ढिम्म हलली नाही. मूळ शेवटी सापडलं ते वेळापत्रकात. म्हणून ही नोंद काचेपेक्षा वेळेबद्दल जास्त आहे. आपल्यातले बरेच जण लिहिण्यावर पोट भरणारे आहेत, त्यांच्या ती कामी यावी.

१९०९ साली का. र. मित्रांनी दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचा श्रावण-भाद्रपद ठरून गेलेला आहे. कथा, लेख, अनुवाद सगळं गणपतीच्या आगेमागे हातावेगळं व्हावं लागतं. आणि आरसेवाल्यांचा हंगामही हाच. आकाश झाकलेलं, म्हणजे घासायला मोकळीक. दोन्ही कामं एकाच महिन्यांवर हक्क सांगतात, आणि लेखनाचे पैसे मिळत असल्याने आरशाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. सकाळी दोन परिच्छेदांच्या मध्ये अर्धा तास, दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं.

असे तुकडे पिचला चालत नाहीत. पिच घट्ट दिसलं तरी ते सतत, अगदी सावकाश वाहत असतं. रात्रभर ठेवलेल्या लॅपचा आकार सकाळी आरशाशी जुळत नाही. तो जुळवायला गरम पाण्याने ऊब द्यायची, सेरियमचं (पॉलिशच्या भुकटीचं) पाणी लावायचं, आरसा वर ठेवून वजन द्यायचं आणि थांबायचं. अर्ध्या तासाच्या बैठकीत तो अर्धा तास जुळवण्यातच जातो, म्हणजे घासणं होतं ते न जुळलेल्या लॅपवर. पिच मऊ असेल तर लॅपचा काठ फुगून वर येतो आणि आरशाची किनार खाली ओढतो. पुढे टेस्टचाही प्रश्न असतोच. साध्या काचेचं प्रसरण बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट, आणि हाताची ऊब काठालाच आधी लागते. घासून लगेच नाइफ-एज लावली तर दिसते ती उबेने बिघडलेली किनार. तिच्या भरवशावर पुढचा स्ट्रोक ठरवण्यात अर्थ नाही.

पिचबद्दल थोडं. ऑनलाइन मागवलेला डबा 'भारतीय हवामानासाठी' म्हणून आला होता. २६ अंशांना त्यात अंगठ्याचं नख लोण्यासारखं रुतत होतं. थंडीच्या दिवसांत चालेल कदाचित, पावसाळ्यात नाही. विकणाऱ्याने पिच कोणत्या तापमानाला किती कडक आहे ते लिहावं, बाकी जाहिरात नको. मी त्यात ते कडक करायला रोझिन (राळ) घातलं, थोडं थोडं, जुन्या स्टीलच्या भांड्यात आणि उघड्या आचेवर नव्हे. दर वेळी थेंब पाण्यात सोडून, खोलीच्या तापमानाला आणून नख लावून पाहिलं. आता जोराने दाबल्यावर जेमतेम खूण उमटते. सेरियम मात्र काच पॉलिश करणाऱ्यांकडून सुटं घेतलं. ते पिवळसर आहे, एकसारखं बारीक आहे आणि अजून एकही ओरखडा उठलेला नाही. महागडी डबी घ्यायची काहीच गरज नाही.

आता वेळेचं. मी क्रम उलटा केला. मंगळवार आणि शनिवारची संध्याकाळ आधी आरशाच्या नावावर टाकली आणि लेखन तिच्या आत बसवलं. लॅपला ऊब दिली, आरसा ठेवला, वर प्लास्टिक आणि त्यावर शब्दकोशाचे दोन जाड खंड, की पाऊण तास लिहायला बसायचं. मग खंड उतरवून वीसेक मिनिटं घासायचं, छोटे स्ट्रोक, दर काही फेऱ्यांनी आरसा थोडा फिरवत, स्वतःही टेबलाभोवती सरकत. मग आरसा धुऊन स्टँडवर निवायला ठेवायचा आणि पुन्हा तास-सव्वा तास लिहायचं. टेस्ट सगळ्यात शेवटी, रात्री.

या दोन थांब्यांमध्ये जे लिहून होतं ते पाहून मीच चकित आहे. पाऊण तास म्हणजे पाऊण तासच. लॅप तयार झाला की उठावंच लागतं, म्हणून पहिली दहा मिनिटं इकडेतिकडे जात नाहीत. आणि घासताना डोकं रिकामं होत नाही, उलट अडलेलं वाक्य तिथेच सुटतं. परवा एका कथेचा शेवट घासता घासताच सापडला आणि सेरियमच्या हातांनीच कागदावर टिपून ठेवला. संपादकांचा फोन आला, "ताई, लेख कधीपर्यंत देताय?" मी शुक्रवार सांगितला आणि शुक्रवारी दिला. शनिवार संध्याकाळ कुणाला देऊ केली नाही. काम संपल्यावर छंद, असं म्हणत राहिलं तर लिहिणाऱ्याच्या आयुष्यात ती संध्याकाळ येतच नाही. एक लेख गेला की दुसरा दारात उभा असतोच. म्हणून छंदाला तारीख द्यायची, आणि ती संपादकाला दिलेल्या तारखेइतकीच पाळायची.

विसर्जनानंतर गोल पृष्ठभागाचा पॅराबोला (मध्ये किंचित जास्त खोल असा आकार) करायला घ्यायचा, असं ठरवलं होतं. आता बेत बदलते आहे. १५० मिमी एफ/८ला नुसता गोल आरसाही प्रकाशाच्या जवळजवळ पाव तरंगलांबीच्या चुकीत बसतो, म्हणजे चालण्याजोगा असतो. गोल नीट झाला आणि किनार सुधारली तर तिथेच थांबेन. किनारीचा दीड-दोन मिलिमीटर शेवटपर्यंत हटला नाही, तर काळ्या कड्याखाली झाकता येईल. १४६ मिमी उरलं तरी प्रकाश सुमारे पाच टक्केच कमी होतो.

आणि हे लिहितानाच सुचलं. टेस्टर (फूको टेस्टचं उपकरण) दर वेळी उभा करण्यात फार वेळ जातो. आरशापासून २४०० मिमी मोजायचं, ट्रायपॉड सरळ करायचा, आरशाचा स्टँड रेषेत आणायचा, त्यात कुणी चाललं की लाकडी टेबल थरथरतं. लिहिण्याच्या खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साडेतीन मीटर आहेत. एका भिंतीत लोखंडी ब्रॅकेटवर आरशाचा स्टँड कायमचा बसवला आणि समोरच्या भिंतीतून लांब ब्रॅकेट काढून त्यावर टेस्टर ठेवला, तर दिवा लावला की टेस्ट सुरू. काँक्रीटची भिंत हलतही नाही. पुस्तकांचा एक खण रिकामा करावा लागेल, तो करते. सुताराला विचारलं आहे.

पावसाळ्यात रोझिन घालून पिच कडक करणाऱ्यांनी आपलं प्रमाण आणि खोलीचं तापमान जरूर कळवा. माझा लॅप अजून जरा ठिसूळ वाटतो, त्यावरच्या पिचचे काठाचे दोन चौकोन तडकलेत. शनिवारी ते भरून घेते, बेव्हल (काठाचा तिरका काप) पुन्हा काढते आणि डावीकडची ती तुटक रेघ जुळते का बघते. अॅल्युमिनियमचा थर दिवाळीनंतर. मृग नक्षत्र संध्याकाळी वर येईल तोवर नळीत बसवायचा आहे.