फिकट वायरी आणि वायपरची मोटर

आज जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दोन स्पीडच्या, लुकास कंपनीच्या वायपर मोटरची जोडणी. वायरी सगळ्या मातकट. टोकाच्या रंगावर विसंबू नका. टेप ५-६ सेंमी उलगडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आत मूळ रंग सापडतो. नुसती हिरवी म्हणजे इग्निशनचा सप्लाय, काळी अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जाणारी). पोपटी पट्ट्याच्या तीन: लाल कमी स्पीडची, निळी जास्त स्पीडची, तपकिरी पार्किंगची (वायपर बंद केल्यावर पाती जागेवर आणून थांबवणारी).

खरी गोची हिरवी-तपकिरीत. अदलाबदल झाली की पाती पार्कला येताच सप्लाय थेट अर्थला, फ्यूज गेलाच! म्हणून प्लग काढून मोटरच्या पिनांना मल्टिमीटर बीपवर (जोडणी तपासायच्या सेटिंगवर) ठेवून लावा: पार्कमध्ये तपकिरीची पिन काळीच्या पिनेशी बीप देते, एरवी हिरवीच्या. लाल-निळी चुकली तर स्पीड उलटे होतात, बाकी जळत काही नाही.