सुकट खाणाऱ्या बाईचं नाक

आधी थोडी फुशारकी ऐकून घ्या, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल.

आमच्या ठाण्याच्या घरात शनिवारी रात्री पोळी-भाजी होत नाही. त्या दिवशी मी जग फिरते. थाई हिरव्या करीला गवती चहा गॅलरीतल्या कुंडीतला, आणि गलांगल नाही मिळालं तर आंबेहळद (चालते, फक्त थाई माणसाला सांगू नका). सुशीसाठी महागडा जपानी तांदूळ मी कधीच आणला नाही, आपला आंबेमोहोर छान चिकटतो. मेक्सिकन मोले करताना मिरच्या, तीळ, मसाले भाजायला घेतले तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्या काळ्या वाटणाचंच कोणीतरी लांबचं नातेवाईक. आमच्याकडच्या मंडळींत 'तिच्याकडे जेवायला जायचं तर घरून दोन घास खाऊन निघा' असं म्हणतात आणि मला त्याचा छुपा अभिमान आहे. म्हणजे, होता.

त्यात मी अलिबागची, सीकेपी. सोड्यांच्या खिचडीवर वाढलेली. दर मे महिन्यात आई सोडे, जवळा, सुके बोंबील जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून देते. तो जवळा तव्यावर भाजला की मला भूक लागते आणि इमारतीतल्या बाकीच्यांना काय होतं ते दोन वर्षांपूर्वी कळलं. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'डक्टमध्ये उंदीर मेला आहे काय? सेक्रेटरींनी कृपया लक्ष घालावे.' मी चौदा ओळींचं उत्तर दिलं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडणं ही कशी कोत्या मनाची खूण आहे वगैरे. सात जणींनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

तर असं हे नाक घेऊन मी कोजागरीच्या सुमारास व्हिएतनामला, हनोईला गेले. बरोबर नवरा. तो चित्तपावन, लग्नानंतर अंड्यापर्यंत आला, मग चिकनपर्यंत. मासे अजून नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी त्याने मला लाजवलं. जुन्या हनोईतल्या त्या छत्तीस गल्ल्या म्हणजे आपली तांबट आळी, बोहरी आळीच. 'हांग' म्हणजे माल, आणि पुढे ज्याचा धंदा त्याचं नाव. हांग बाक चांदीवाल्यांची. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, माणसं रस्त्यावर, आणि मधून न थांबता येणारी दुचाक्यांची रांग. तिथे एका पाटीकडे बघून हा म्हणाला, "कॉम चाय! चल, चहा घेऊ." आत गेलो तर भात, तोफूचं कालवण, तळलेले मश्रूम, शेवग्यासारख्या कसल्यातरी पाल्याची भाजी. 'चाय' म्हणजे तिकडे शाकाहारी. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी पुष्कळ बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे गर्दी होती. नवरा असा खूश झाला की पुढचे सहा दिवस चाय चाय करत फिरला. मी मात्र मनात म्हटलं, इतक्या लांब येऊन उपासाचं जेवतोय हा.

माझं सुरुवातीला सगळं झकास चाललं होतं. बून चा खाल्लं, निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस आणि आंबटगोड पातळ रसात बुडवलेल्या तांदळाच्या शेवया. 2016 साली ओबामा ज्या दुकानात बसून हे जेवले तिथे ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलंय, बाटल्या-वाट्यांसकट. लोक फोटो काढत होते, अन्न गार होत होतं. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे खाल्लं आणि तेच बरं केलं असं मला वाटतं. अंड्याची कॉफी प्यायले. 1946 च्या सुमारास दुधाचा तुटवडा होता तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या ज्यांग नावाच्या माणसाने बलक फेटून दुधाची जागा भरली, त्याची ही कथा. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. अंड्याचा वास? अजिबात नाही.

आणि एका रात्री रस्त्याच्या कडेला चुंग वित लोन. पिल्लू धरलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. सोबत आल्याच्या काड्या, मीठ आणि तिखटसर चवीचा हिरवा पाला. नवऱ्याने व्हिडिओ काढला, स्वतः मात्र फोनच्या मागून बघितलं नाही. मी खाल्लं. आधी आतलं पाणी प्यायचं, ते चिकनच्या सूपसारखं लागतं, मग बाकीचं. बघण्यावर जाऊ नये, एवढंच. तो व्हिडिओ मी माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि स्वतःवर इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी दुपारी बून दाऊ माम तोम खायला निघाले, जशी मी रोजच ते खाते.

एका अरुंद बोळाच्या तोंडाशी दुकान. दुकान म्हणजे काय, एक कढई, एक आत्या आणि मोरीत बसायला घेतो तसली सात-आठ निळी स्टुलं. आत्या म्हणते कारण तिकडेही अनोळखी माणसाला नात्यानेच हाक मारतात, आणि 'को' म्हणजे आत्याच. तिने केळीचं पान घातलेली बांबूची सुपली समोर ठेवली. तिच्यात तांदळाच्या शेवयांच्या दाबून कापलेल्या वड्या, कढईतून नुकते निघालेले तोफूचे चौकोन, उकडलेल्या मांसाचे काप, काकडी आणि पाल्याचा ढीग. एका बाजूला हिरवट वड्या, त्यांचं नाव चा कोम. कोम म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे भाजून कांडलेले दाणे, अगदी हिरवे पोहे. खास शरद ऋतूतले, कमळाच्या पानात बांधून मिळतात. मला तर तिथेच भरून आलं. कांडलेले पोहे, केळीचं पान, सुपली, आत्या. माहेरच की हे.

मग तिने माम तोमची वाटी घेतली.

कोळंबी मिठात कुटून महिनोन्‌महिने मुरवलेली. रंग नाचणीच्या आंबिलाचा, त्यात थोडी जांभळी झाक. आत्याने त्यात सुपारीएवढी हिरवी-नारिंगी लिंबं पिळली, साखर टाकली, मिरचीचे काप टाकले, कढईतलं चमचाभर कढत तेल वर ओतलं आणि चॉपस्टिकने असं भराभर फेटलं की वाटीत फेस चढला. लव्हेंडर रंगाचा फेस. दिसायला इतकं सुंदर की मी फोन काढून वाकले.

वाकले ती चूकच झाली. तेल पडल्यावर जी वाफ उठली ती थेट नाकात गेली आणि माझं तोंड आपोआप वाकडं झालं. म्हणजे मी केलं नाही, झालं. मान मागे गेली, हात नाकाशी गेला, आणि तोंडातून (खोटं कशाला सांगू) "ई" निघालं. तो वास मला ओळखीचा होता, हीच तर मेख. रेवसच्या धक्क्यावर वाळत पडलेल्या जवळ्याचा. पण आपला जवळा उन्हात कोरडा होतो, त्याचा वास वाऱ्यावर जातो. हा मिठात, बंद बरणीत, ओला राहून मुरलेला. जणू आपल्याच घरचं कोणी दहा वर्षं दार लावून बसलंय आणि ते दार मी उघडलं.

शेजारच्या स्टुलावर कॉलेजातली एक मुलगी तोफू त्या फेसात बुडवून, मोबाईलवर काहीतरी बघत, शांतपणे खात होती. तिने वर पाहिलं. आत्यानेही पाहिलं. आणि आत्या हसली. रागावली असती तरी परवडलं असतं. तिने एक शब्द न बोलता माझ्या पुढ्यातली वाटी उचलली, आत गेली आणि दुसरी घेऊन आली. नुक मामची. माशाचा तो पातळ, पारदर्शक रस, पाणी-साखर-लिंबू घालून सौम्य केलेला, वर लसणाचे तुकडे. घरी माझ्या फ्रिजमध्ये ज्याची बाटली कायम असते आणि जो मी पाहुण्यांना 'हा अस्सल बरं का' म्हणून चाखायला लावते, तो. इथे तो बाळबोध लोकांसाठी होता. आत्या त्या मुलीला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. मला भाषा येत नाही, पण एवढं काही भाषांतर लागत नाही.

मी सगळं संपवलं. तोफू उत्तम होता, बाहेरून पापुद्रा, आत लोण्यासारखा. तिया तोचं जांभळं पान पहिल्यांदा ताजं खाल्लं. पण घास गोड लागेना. नवरा म्हणाला, "अगं, एवढं काय? नाही आवडलं तर नाही." त्याला कसं सांगू? बदकाचं पिल्लू मी गिळलं कारण त्याचं माझ्याशी काही नातंच नव्हतं. इथे हरले ती घरच्याच वासापुढे. आणि डोळ्यांसमोर सारखा तो चौदा ओळींचा मेसेज.

पुढचे दोन दिवस हा-लाँग बे आणि निन्ह बिन्ह. समुद्र सुंदर, बोटीवर गर्दी, बुफेत छोले. निन्ह बिन्हला भाताची खरवड मुद्दाम करून, तळून, वर कालवण घालून विकतात, ती मात्र मी दोन पाकिटं आणली.

परत हनोईत आल्यावर मी एकटीच त्या बोळात गेले, साडेअकराला, गर्दीच्या आधी. आत्याने ओळखलं. सुपली आली आणि तिच्यासोबत, न विचारता, नुक मामची वाटी! मी मान हलवली आणि बोटाने माम तोमच्या बरणीकडे दाखवलं. तिने भुवया उंचावल्या, आणि मग सुपारीएवढ्या वाटीत तळाशी जेमतेम दोन चमचे आणून ठेवलं, लहान मुलाला लोणचं वाढतात तसं. या वेळी मी वाकले नाही. तोफू गरम असतानाच पानात गुंडाळला, टोक बुडवलं, श्वास धरून तोंडात टाकलं. आधी नुसतं मीठ. मग लिंबू, साखर. मग श्वास सोडावाच लागतो ना, तेव्हा तो वास आतून वर आला आणि त्याच्या मागून हळूच सोड्यांच्या खिचडीच्या तळाशी लागलेल्या भाताची चव.

आवडलं असं म्हणणार नाही. तिसऱ्या घासाला भीती गेली, पाचव्याला मी वाटी पुसून घेतली, बस एवढंच. गोव्याच्या बालचांवात जुन्या रीतीने सुका गालमो, म्हणजे जवळाच, घालतात आणि तिकडे मकावच्या पोर्तुगीज घरांत बालिशांव म्हणून कोळंबीचं असंच मुरलेलं प्रकरण असतं, हे मला वाचून माहीत होतं. मी ते जेवणावळीत ऐटीत सांगतेही. वाचलेलं नाकाच्या कामी येत नाही. पन्नास हजार डाँग झाले, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपयांच्या आत. रात्रीपर्यंत तीन वेळा साबणाने धुतले तरी बोटं वास मारत होती आणि नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला.

ठाण्याला आल्यावर दिवाळीच्या फराळाचं ताट द्यायला चौथ्या मजल्यावरचे काका आले. मुलाने डिसेंबरात त्यांचं आणि काकूंचं व्हिएतनाम बुक केलंय. "तुम्ही आत्ताच जाऊन आलात ना? तिथे काय खावं, जरा लिहून द्या. तुम्हाला या बाबतीत बरीच माहिती."

मी लिहून दिलं. अंड्याची कॉफी, खरवड, कॉम चाय कुठे मिळतं ते. शेवटी मोठ्या अक्षरांत, बोळाच्या नकाशासकट: बून दाऊ माम तोम, अजिबात चुकवू नका.

मागितली तर नुक मामची वाटी मिळते, ते लिहायचं राहून गेलं.