बारदानातला सीपीयू

शनिवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक काका खांद्यावर बारदान घेऊन पायरीशी येऊन उभे राहिले. मागे मुलगी, तिच्या हातात कीबोर्ड. काका नाशिकला पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. बारदानातून सीपीयू निघाला. व्यापाऱ्याने तो भंगारात काढला होता, काकांनी मागून घेतला. पोरगी बारावीला, मराठी टायपिंगचा क्लास लावलाय आणि घरी सरावाला काही नाही.

"भाऊ, एका ठिकाणी आठशे रुपये दिले. त्यांनी विंडोज १० टाकून दिलं. आता चालू होईस्तोवर चहा पिऊन होतो."

उघडून पाहिलं. पेंटियम ड्युअल-कोर, १ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. पंख्यावर धुळीचा थर. असल्या मशीनला पाहून एमजी रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडात एकच वाक्य येतं, माझ्याही आलं: "काका, नवा घ्या." चुकीचं नव्हतं ते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काका काहीच बोलले नाहीत. बारदान पुन्हा उघडून सीपीयू आत ठेवायला लागले.

ते बघवलं नाही. म्हटलं, थांबा. मग मुलीला विचारलं, तुला यावर नक्की काय करायचंय? हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

"रोज तासभर रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर टायपिंग. आणि कधीतरी रिझल्ट, फॉर्म. नेट मोबाइलचं देईन, दादा."

एवढंच. त्यासाठी नव्या मशीनचे पंचवीस हजार कशाला?

धूळ काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली. हार्डडिस्कची तपासणी लावली, खराब सेक्टर नव्हते. बोर्डावरचा घड्याळ चालवणारा सेल मेलेला होता, त्यामुळे दर वेळी तारीख २००९ ला जायची. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं अवैध वाटतात आणि साइटच उघडत नाही. आधीच्या माणसाने विंडोज बदललं, पण हा छोटा सेल पाहिला नाही. मला त्याचा राग आला, कारण ते आठशे रुपये बोरी उचलून कमावलेले होते.

मग विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्स सिस्टीम पेनड्राइव्हवरून एकेक चालवून पाहिल्या. इन्स्टॉल न करता असं पाहता येतं, आणि जुन्या मशीनला हे केल्याशिवाय हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे. लुबुंटू हलकी म्हणतात, पण आताची आवृत्ती १ जीबीवर डेस्कटॉप येईपर्यंतच धापा टाकत होती. पपी लिनक्स सुसाट. ती सगळी रॅममध्येच उतरते, म्हणून. पण बंद करताना वेगळी सेव्ह फाइल सांभाळावी लागते, आणि नवख्या मुलीचा तासाभराचा सराव एका चुकीच्या बटणाने जावा हे मला नको होतं. तिसरी अँटीएक्स. डेबियन लिनक्सवर उभारलेली, खिडक्या दाखवायला साधा विंडो मॅनेजर, सगळं सुरू झाल्यावरही मेमरी दोनशे एमबीच्या आसपास.

मी खूश. ब्राउझर उघडला, एक पान लावलं, दुसरं लावलं, आणि हार्डडिस्कचा दिवा लागला तो विझेचना. रॅम भरली, काम स्वॅपवर, म्हणजे हार्डडिस्कवरच्या उसन्या मेमरीवर गेलं. सिस्टीम कितीही हलकी घ्या, आजच्या वेबसाइटचं वजन कमी होत नाही. हे मला माहीत होतं, तरी त्या दोनशेच्या आकड्याला भुललो.

जुन्या मालाचा डबा शोधला. ८०० मेगाहर्ट्झची १ जीबी डीडीआर२ एक मिळाली. दुसऱ्या स्लॉटमध्ये बसली. आता २ जीबी.

यानंतर ३२ की ६४ बिट, म्हणजे सिस्टीमची जुनी जात टाकायची की नवी, हा प्रश्न आला. आधीचं विंडोज ३२ बिट होतं, पण प्रोसेसर ६४ बिट चालवतो. ३२ बिट मेमरी थोडी कमी खाते खरी, पण डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. दोन वर्षांनी पोरीला पुन्हा माझ्याकडे यायला लागू नये, म्हणून ६४ बिटची अँटीएक्स टाकली. पासवर्ड तिनेच ठेवला.

रेमिंग्टनची मांडणी लावून तिला खुर्चीवर बसवलं. तिने पहिली वेलांटी मारली, मग अक्षर. टाइपरायटरसारखं आधी वेलांटी. "नाशिक" नीट उमटलं. मग "त्र्यंबकेश्वर". त्यात अडकली. क्लासच्या कीबोर्डपेक्षा दोन-तीन खुणा वेगळ्या जागी होत्या. एका कागदावर आम्ही त्या लिहून काढल्या. मी तिला स्पष्ट सांगितलं: बोटं इथे बसव, पण परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, त्याची सवय क्लासच्याच मशीनवर कर.

काका खिशातून नोटा काढत होते. सेलचे चाळीस घेतले. रॅम माझ्याच डब्यातली होती.

निघताना त्यांनी बारदानाच्या तळाशी माझ्याकडचा बबल रॅप अंथरला, त्यावर सीपीयू ठेवला. या वेळी खांद्यावर घेतला नाही. शालिमारला रिक्षा केली आणि तो मांडीवर धरून बसले.