सुरक्षा क्लिनिकचे दिवस कमी केले, आणि वर पेशंटची नावं मागितली – माझा अनुभव

आधीच सांगते, अशा कामात लोकशाही दिनाच्या, म्हणजे साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाच्या, भरवशावर राहू नका. तिथे वैयक्तिक तक्रार लागते, सामूहिक निवेदन चालत नाही, आणि गुप्तरोगाच्या क्लिनिकसाठी वैयक्तिक तक्रार घेऊन साहेबांसमोर उभं राहणार कोण?

विषय असा. आम्ही ठाणे-बेलापूर रोडच्या एमआयडीसी पट्ट्यात राहतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगाचं क्लिनिक आहे, तपासणी, समुपदेशन, औषध सगळं फुकट. आजाराप्रमाणे रंगीत किट असतात, राखाडी एक नंबर, हिरवं दोन नंबर, पांढरं तीन नंबर, आणि जोडीदारालाही औषध देतात, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत लागण. हे रोज चालायचं. मग समुपदेशक ताईंचं कंत्राट संपलं, जागा भरलीच नाही, आणि एक दिवस दारावर कागद, फक्त मंगळवार-शुक्रवार सकाळी. रोजंदारीवरचा माणूस मंगळवारी सकाळी खाडा करून येणार का? 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला आणि आपल्याच जिल्ह्यातलं, कल्याणचं तृतीयपंथीयांसाठीचं मित्र क्लिनिक बंद झालं, ते डोक्यात ताजं होतं, म्हणून बचत गटातल्या आम्ही बायकांनी ठरवलं की आत्ताच बोलायचं.

सह्या भराभर झाल्या. रिक्षा स्टँड, किराणावाले, मंडळाची पोरं, सगळ्यांनी केल्या. निवेदनात "आम्ही या भागातले रहिवासी" एवढंच लिहिलं होतं, पेशंट असा शब्दच नाही, आणि ते मुद्दाम.

आणि अडलं ते दवाखान्याच्या आवक खिडकीवर, जिथे अर्ज-निवेदनं घेतात. तिथल्या माणसाने कागद वाचला, शेवटचं पान उलटून पाहिलं, काचेखालून परत सरकवला. "यात पेशंट कोण? ज्यांची गैरसोय झाली त्यांची नावं-पत्ते जोडा, मग घेतो." मी म्हटलं, अहो नावं कशी देणार, लोक शेजाऱ्याला कळू नये म्हणून दुसऱ्या स्टेशनवरून इथे येतात. तर म्हणे, मग तक्रार खरी कशावरून? परत गेलो तर तेच. वरच्या साहेबांकडे गेलो तर म्हणाले जागा आमची पण माणसं एड्स नियंत्रणवाल्यांची, तिकडे जा, आणि तिकडे म्हणाले वेळ दवाखाना ठरवतो. 2017 च्या एचआयव्ही कायद्याची प्रत नेली, कोर्टाचा आदेश असल्याशिवाय कोणालाही स्वतःची एचआयव्हीची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. उत्तर काय, "हे एचआयव्हीचं नाही, गुप्तरोगाचं आहे." अरे, त्याच क्लिनिकमधून माणसाला एचआयव्ही तपासणीला पाठवतात ना! मला आजही ते आठवलं की संताप होतो. 2022 ला दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या ऑफिसबाहेर एचआयव्हीसह जगणारे लोक औषधांसाठी महिनाभराच्या वर बसले, त्यांना सलाम, पण ते धैर्य प्रत्येकाकडून मागायचा हक्क खिडकीवरच्या माणसाला कोणी दिला? ज्या सेवेचा पेशंट तोंड उघडू शकत नाही तिच्यावरच पहिली कात्री चालते, म्हणून तर शेजाऱ्यांनी सह्या करायच्या.

शेवटी निवेदन स्पीड पोस्टने पाठवलं, डिलिव्हरी झाल्याची ट्रॅकिंगची प्रिंट काढली, तीच पोच. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात कारण सांगावं लागत नाही, कलम 6(2) आहे, कोणी विचारलं तर तेच दाखवा. महिन्यावार पेशंटचा फक्त आकडा, क्लिनिकचे दिवस, पद कधीपासून रिकामं, एवढंच विचारलं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो, मोजून लिहा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प ऐन वेळी मिळत नाही, जास्तीचे आणून ठेवा. आणि "हा विषय आमचा नाही" म्हणून अर्ज परत देता येत नाही, 6(3) प्रमाणे त्यांनीच 5 दिवसांत योग्य ऑफिसला पाठवायचा असतो. हे आम्हाला एका निवृत्त तलाठी काकांनी सांगितलं.

30 दिवसांत उत्तर नाही, मग पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प, त्यानंतर कागद आले. ज्या महिन्यात दिवस कमी केले त्याच महिन्यापासून आकडा घसरलेला, आणि टिपणीत कारण लिहिलेलं, "प्रतिसाद कमी". दार बंद ठेवायचं आणि माणसं येत नाहीत म्हणायचं! त्या दोन पानांच्या झेरॉक्स काढून आम्ही भेटीची वेळ मागितली, आणि यावेळी मिळाली. नावं कोणी विचारली नाहीत.

आता समुपदेशक आहे, क्लिनिकचे दिवस आठवड्याला चार झालेत. एक सांगायचं राहिलं, मधल्या काळात कोणी विचारलं तर 1097 नंबर द्या, नॅकोची हेल्पलाइन आहे, फुकट आहे. संध्याकाळची वेळ अजून मिळालेली नाही. कंपन्या सहाला सुटतात, म्हणून शनिवारी आठपर्यंत मागितलीय.