गारवाची कॅसेट, भाग ३: स्पीड नीट केला आणि गाणंच अनोळखी वाटायला लागलं

मागच्या वेळी कॅसेट वाजवायचा डेक उघडून ठेवला होता तिथून पुढे. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ताईची 'गारवा'ची कॅसेट आहे, १९९८ चा अल्बम, कविता सौमित्रच्या, चाली आणि आवाज मिलिंद इंगळेंचा, आमच्या जळगावच्या घरात माळ्यावर पत्र्याच्या डब्यात वीसेक उन्हाळे काढलेत तिने. ती नीट वाजती करायची आणि मग शांतपणे ऐकून ठरवायचं की हा अल्बम खरंच अजून तेवढा भिडतो, का तेव्हा आपण सोळा वर्षांचे होतो म्हणून भिडला होता.

डेकचं काम आधी सांगून टाकते. मोटरचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काड्या घेऊन दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. नवीन बेल्ट गोलाणी मार्केटमध्ये भेटला, तिथे एका काकांकडे अजून पुडकं आहे सगळ्या मापांचं. जुना बेल्ट मोजायलाच उरला नसेल तर दोरा घेऊन पुलीभोवतीचं माप काढायचं आणि त्याच्यापेक्षा पाच ते दहा टक्के छोटा बेल्ट घ्यायचा. मी अजून छोटा मागितला तर काका म्हणे, "ताई, जास्त घट्ट नका घेऊ, मोटरच्या बुशा खाऊन टाकीन तो." ऐकलं त्यांचं.

कॅसेटचं दुखणं वेगळं होतं. मधोमध पितळी पट्टीवर एक बारीक फेल्टचा तुकडा असतो, टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा, तो गळून पडला होता, डिंक वाळून गेला उन्हाने. आणि कॅसेट होती चिकटवलेली, स्क्रूवाली नाही. म्हणजे ब्लेडने कडेने हळूहळू उकलायची आणि आतली दोन्ही चक्रं उचलून पाच स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या डबीत बसवायची, पंखा बंद करून, कारण टेप फक्त पावणेचार मिलीमीटर रुंद असते आणि जरा वारा लागला की भुर्रकन सुटते. मे महिना, ४४ डिग्री आणि पंखा बंद! आई रात्री साडेअकराला दारात येऊन म्हणे, "काय करी ऱ्हायनी व तू?" हात थरथरत होते म्हणून उत्तरपण नाही दिलं.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्यांदा लावली तेव्हा माझं मन खट्टू झालं. टायटल गाणं सुरू झालं आणि मला ते संथ वाटलं, आवाज खाली गेलेला, जड, एक प्रकारची सुस्ती आलेली. मनात म्हटलं झालं, संपलं हे, आपल्या आठवणीतच चांगलं होतं. एवढं वाईट वाटलं की डेक बंद करून गच्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शंका आली की मोटरच हळू चालत असेल. कॅसेटचा स्पीड ठरलेला असतो, सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर, १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हापासून तोच. एका मित्राने त्याच्या नीट लावलेल्या डेकवर ३००० हर्ट्झचा टोन भरून दिलाय, तो वाजवायचा आणि फोनवरच्या अॅपमध्ये आकडा बघायचा, ३००० आला की स्पीड बरोबर, जास्त आला की डेक जोरात पळतोय. माझा डेक २९९६ दाखवत होता. म्हणजे अगदी बरोबर!

मग डोक्यात आलं आणि माळ्यावरून आमचा जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) काढला, ज्याच्यावर ताई आणि मी ही कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. तो अजून चालतो. त्यात तोच टोन लावला तर आकडा आला ३१७०, ३१८०, तिथेच हलत राहिला. ज्यांना हिशोब माहितीय त्यांच्या लक्षात आलंच असेल, सहा टक्के म्हणजे जवळपास अर्धा सूर. आम्ही सगळी वर्षं 'गारवा' अर्धा सूर वर आणि घाईत ऐकला होता. माझ्या आठवणीतला तो चपळ, पातळ, पोरसवदा आवाज मिलिंद इंगळेंचा नव्हताच, आमच्या मोटरचा होता.

हे कळल्यावर मी ठरवलं की लगेच मत द्यायचं नाही. आठ दिवस रोज रात्री एकदा, बरोबर स्पीडला. चौथ्या पाचव्या दिवशी कान वळले.

मधे अॅझिमथपण लावला, म्हणजे हेड टेपला बरोबर काटकोनात आणलं, त्याच्याशिवाय हा अल्बम ऐकून मत देऊच नये असं माझं ठाम म्हणणं आहे. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू, पाव आट्याच्याही आत हलवायचा, डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून ऐकायचं आणि ज्या जागी 'स', 'श' एकदम उघडतात तिथे थांबायचं. सौमित्र कविता म्हणताना शब्दांच्या शेवटी जो श्वास सोडतात तो आधी नुसती खरखर वाटत होता, स्क्रू जागेवर आला आणि श्वास झाला. ज्या पोरांनी किशोर कदमांना फक्त 'फँड्री'तला बाप म्हणून बघितलंय त्यांनी हा आवाज एकदा नीट हेडफोनवर ऐकावा, तोच माणूस आहे, सौमित्र हे त्यांचंच कवितेतलं नाव.

आणि अजून एक गोष्ट सापडली, ती टेपवाल्यांना सांगायलाच हवी. कविता सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत तीच ओळ आधी एकदा अगदी पुसट ऐकू येते, दूरच्या खोलीत कोणी म्हणून बघतंय तशी, आणि मग खरी येते. हे प्रिंट-थ्रू. वर्षानुवर्षं टेप गुंडाळून पडली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर छापलं जातं, आणि उष्णतेने ते वाढतं, म्हणजे आमच्या माळ्याने ते पोटभर केलेलं आहे. चार-पाच वेळा पुढे मागे पूर्ण गुंडाळली की थोडं कमी होतं, माझंही झालं, सगळं गेलं नाही. डिजिटल कॉपी करताना मी ते काढलेलं नाही. हिस, म्हणजे टेपची ती मागची सततची सळसळ, तीपण फार काढू नका असं म्हणेन, नॉइज रिडक्शन जोरात लावलं की सगळ्यात आधी श्वास जातो.

मग टिकला का अल्बम? माझं मत, हो, पण मला वाटलं होतं त्या जागी नाही.

वाद्यं जुनी झालीत. कीबोर्डचा तो आवाज नव्वदीचा म्हणून लगेच ओळखू येतो, आणि सलग ऐकताना दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळतात, मला मध्येच कळेना की हे आधीचंच चालू आहे का दुसरं सुरू झालं. 'गार वारा हा भरारा' येतं तेव्हा जरा जाग येते. सोळाव्या वर्षी माझं सगळ्यात लाडकं 'पाऊस दाटलेला' होतं, आता 'झाडाखाली बसलेले' जास्त आत जातं, ते का ते मला अजून नीट सांगता येत नाहीये, चाल इतकी साधी आहे की आई भाकरी थापताना गुणगुणू शकते आणि तरी ती एकदा डोक्यात बसली की दिवसभर जात नाही.

पण खरा टिकलाय तो बोलण्याचा भाग. कविता आधी आणि गाणं नंतर, ही रचना. बरोबर स्पीडला त्या कवितांना जागा मिळते, दोन ओळींमधली थांबायची जागा, जी आमच्या टू-इन-वनने खाऊन टाकली होती. आणि सुरुवात पावसाने होत नाही हो, उन्हाने होते! दरवर्षी जरा जास्तच वाटणाऱ्या उन्हाने. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल आणि कधी लक्षच दिलं नव्हतं, कारण तेव्हा आम्हाला फक्त पाऊस आणि प्रेम ऐकायचं होतं. मुंबईत वर्षाला २००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे ७०० च्या आसपास, तोही लहरी, मृग कोरडा गेला की कापूसवाल्यांच्या घरात आवाज बंद होतो. मला इतकी वर्षं वाटायचं हा खिडकीत बसून चहा पिणाऱ्यांचा अल्बम आहे. भर मे महिन्यात, घामाने हेडफोन ओले झालेले असताना ऐकला आणि वाटलं की वाट बघणाऱ्यांचापण आहे, आणि वाट बघणं आम्हाला कोणी शिकवायला नको.

भाचीला ऐकवला, सतरा वर्षांची आहे. तिने एका कानात घालून ऐकला, कविता चालू असताना फोन बघत नव्हती एवढं मी पाहिलं. गाणं सुरू झाल्यावर बघायला लागली. शेवटी म्हणे, "मावशी, ते नुसतं बोलतात ते परत लाव ना." ताईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच झाली, मग म्हणे कॅसेटवर माझं नाव आहे अजून का. आहे, निळ्या पेनाने, नवीन डबीवर जुनाच कागद चिकटवलाय.

बी साइड अजून कॉपी करायची बाकी आहे. अर्धा तास चालला की मोटर तापते आणि टोन ३०२० पर्यंत चढतो, दुपारी जास्तच, त्यामुळे आधी मोटरला तेलाचा एक थेंब देऊन बघते आणि मग पहाटे पाचला रेकॉर्ड करते, तेव्हा जरा थंड असतं.