चौथी बैठक

स्वयंसेवक चार-सहा महिन्यांत येणे का थांबवतात, या एकाच प्रश्नावर आमच्या संस्थेने तीन बैठका घेतल्या आणि तिन्ही वेळा आम्ही जसे आलो तसेच उठून गेलो. संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणारे आम्ही चौदा जण, पण बोलणारे दर वेळी तेच चौघे. एकाला प्रशिक्षण वाढवायचे होते, दुसऱ्याला मानधन सुरू करायचे होते, तिसऱ्याला गैरहजेरीवर कडक नियम हवे होते आणि चौथी मी, कार्यवाह या नात्याने प्रत्येकाला उत्तर देत बसलेली. चौथ्या बैठकीपुरते कार्यवाहपद बाजूला ठेवून मी सुलभकाचे, म्हणजे स्वतः बाजू न घेता चर्चा चालवून देणाऱ्याचे, काम पाहावे असे ठरले. खरे तर अशा वेळी बाहेरचे माणूस बोलवावे, कारण ज्याचा निर्णयात हात गुंतलेला आहे त्याने तटस्थ राहणे अवघड असते. पण तसे कोणी मिळाले नाही. माझ्यावर दोन अटी होत्या: मी मत द्यायचे नाही आणि कोणाच्याही मुद्द्याला उत्तर द्यायचे नाही.

बैठकीपूर्वीच्या आठवड्यात मी प्रत्येकाशी दहा-पंधरा मिनिटे एकेकटे बोलले. त्यातून पहिली दुरुस्ती झाली ती प्रश्नातच. ‘स्वयंसेवक टिकावेत म्हणून काय करावे’ असे विचारले की प्रत्येक जण आपला ठरलेला उपाय पुढे करतो आणि मग चर्चा उपायांच्या कुस्तीत अडकते. म्हणून फलकावर मी एवढेच लिहिले: ‘जे सोडून गेले, त्यांच्या शेवटच्या महिन्यात काय काय घडले होते?’

सुरुवातीची दहा मिनिटे कोणी बोलायचे नव्हते, प्रत्येकाने आपल्यापुरते लिहायचे होते. त्यानंतर एका फेरीत प्रत्येकाने एकच मुद्दा वाचायचा, दुसऱ्या फेरीत दुसरा, आणि सगळे मुद्दे भिंतीवर लागेपर्यंत शंका, खुलासा, विरोध यांपैकी काहीही करायचे नाही. ही पद्धत माझी नव्हे. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डे व्हेन यांनी ती 1971 मध्ये मांडली. एकत्र बसून मोठ्याने कल्पना सुचवल्या की त्या भरपूर सुचतात अशी समजूत पूर्वी होती, परंतु मायकेल डील आणि वोल्फगँग श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये प्रयोगांनी दाखवले की तेवढीच माणसे वेगवेगळी बसवली तर त्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरते, कारण गटात एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता सुचलेले निसटून जाते. आमच्या बैठकांत तर हे थांबणे दहा जणांच्या वाट्याला कायमचेच आले होते.

तिसऱ्या फेरीत आमचे वेळापत्रक कळवणाऱ्या सदस्येची पाळी आली. आधीच्या तिन्ही बैठकांत त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागद जवळ धरून वाचले: ‘सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकांना आपला वर्ग कोणता आणि कोठे, हे आदल्या रात्री कळत असे.’ हे त्यांना पक्के माहीत होते, कारण ते फोन त्याच करत असत. बाकीच्यांना ते ठाऊक नव्हते आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी 1985 मध्ये हाच दोष दाखवून दिला होता: जी माहिती सर्वांजवळ असते तिच्यावरच गट बोलत राहतो आणि एखाद्याच्याच जवळ असलेली माहिती, तीच निर्णायक असली तरी, मेजावर येत नाही. हे मी वाचले होते, तरी आमच्याकडे तशी माहिती कोणाजवळ असेल याची मला कल्पना नव्हती.

पुढचा भाग लिहिणे मला फारसे सुखाचे नाही. वेळापत्रक उशिरा निघत असे ते माझ्यामुळे. प्रत्येक बदलावर माझी संमती लागे आणि ती मी रात्री सगळी कामे आटोपल्यावर देत असे. माझ्याजवळ कारणे होती, चांगली कारणे होती, आणि ती सांगण्यासाठी मी तोंड उघडलेही. पण उत्तर न देण्याची अट आठवली आणि मी तो मुद्दा जसाच्या तसा भिंतीवर लावला. मी तेव्हा खुलासा केला असता, तर त्यानंतरच्या फेऱ्यांत कार्यवाहांबद्दल एकही अक्षर आले नसते असे मला आजही वाटते. प्रत्यक्षात त्याच विषयाचे आणखी चार कागद आले.

मुद्द्यांचे गट पाडताना मात्र माझा तोल गेला. ते चार कागद मी ‘संपर्क’ अशा गुळगुळीत शीर्षकाखाली सरकवले. प्रशिक्षणाचा आग्रह धरणारे सदस्य लगेच म्हणाले, “हे संपर्काचे नाही, निर्णय उशिरा होण्याचे आहे.” त्यांचे बरोबर होते. त्यानंतर खडू मी त्यांच्याच हाती दिला आणि गट सर्वांनी मिळून पाडले.

मग अर्धा तास सगळे पुन्हा घसरले. जुने वाद वर आले, दोघे चिडले, एकाने घड्याळ दाखवले. सॅम केनर यांनी या टप्प्याला ‘ग्रोन झोन’ म्हटले आहे: मते फाकलेली असतात, एकमेकांचे म्हणणे अजून नीट उमगलेले नसते आणि कोणता तरी निर्णय उरकून टाकावा असा मोह होतो. तेथे मी एवढेच केले की प्रत्येकाला, आपले सांगण्याआधी, समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगायला लावले. मानधनाचा विषय महत्त्वाचा असूनही त्या दिवशीच्या प्रश्नाबाहेरचा होता, म्हणून तो भिंतीच्या कोपऱ्यात वेगळ्या कागदावर लिहून ठेवला.

निर्णयासाठी हो-नाही न विचारता शून्य ते पाच बोटे वर करायला सांगितली. पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा, शून्य म्हणजे ठाम विरोध. वेळापत्रक दोन आठवडे आधी निघेल आणि त्यासाठी कार्यवाहांची संमती लागणार नाही, या ठरावावर एकाची दोन बोटे होती. त्यांना काय खटकते ते विचारले, तेव्हा ऐनवेळी कोणी आजारी पडले तर काय, हा खरा प्रश्न निघाला. राखीव स्वयंसेवकांची यादी जोडल्यावर त्यांची बोटे चार झाली.

तीन महिन्यांनी आम्ही आढावा घेतला. त्या काळात दोघांनी काम सोडले, दोघांनीही नोकरीचे ठिकाण बदलल्यामुळे. इतक्यावरून फार काही सिद्ध होत नाही, पण रात्रीचे फोन थांबले आहेत. मानधनाचा कागद अजून कोपऱ्यातच आहे. पुढच्या बैठकीत तो घ्यायचा आहे आणि त्या दिवशी सुलभक दुसरे कोणीतरी असावे असे मी कळवले आहे, कारण मानधनाबद्दल मला स्वतःला बरेच बोलायचे आहे.